हरवलेल्या वंशाचे तोतये: कालप्रवासाची चित्रकथा काढताना पडणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मुलं मराठीत चित्रकथा काढायला बसली की बरेचदा एकाच कथानकावर येतात. काळाच्या यंत्रातून मागं जायचं किंवा मागच्या काळातलं कुणीतरी इकडं यायचं, जंगलात लपून राहिलेला एक जुना राजवंश सापडायचा, आणि शेवटी कळायचं की ही माणसं तोतया आहेत. कथानक झकास आहे, पण फसायला जागाही भरपूर आहेत. सुट्टीतल्या चित्रकथेच्या वर्गात मुलांनी, त्यांच्या पालकांनी आणि काही शिक्षकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत.

तोतया ओळखू यायचा कसा? तलवारबाजीत हरला की मुखवटा गळून पडतो, असं दाखवलं तर चालेल का?

चालेल, पण वाचकाच्या हाती काही लागणार नाही. तोतया वाचकालाही पकडता आला पाहिजे, निदान दुसऱ्यांदा वाचताना तरी.

आम्ही मुलांना एकच गोष्ट घोकून घ्यायला सांगतो. तोतयाला तेवढंच ठाऊक असतं, जेवढं आपल्याला ठाऊक आहे. त्यानं पाठ्यपुस्तक वाचलेलं असतं, देवळातला फलक वाचलेला असतो, जत्रेतल्या गप्पा ऐकलेल्या असतात. राजाचं नाव, लढाईचं साल, देवळाचं नाव विचारा, धडाधड सांगेल. खऱ्या जुन्या माणसाला यातलं बरंच सांगता येणार नाही, आणि जे त्याला सांगता येईल ते कुठल्याच पुस्तकात नसेल: त्या वर्षी ओढ्याला पूर कुठपर्यंत आला होता, कुणाच्या गाईनं कुणाचं शेत खाल्लं, कुठल्या वाटेला रात्री जायचं नाही. म्हणून तुमच्या गोष्टीतला पाहुणा सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं देतो, तिथंच नायिकेला शंका आली पाहिजे. तोतया आपल्याला हवं तेच बोलतो. तो फसवू शकतो याचं कारण त्याच्या अभिनयात कमी आणि ऐकणाऱ्यांच्या हौसेत जास्त असतं.

आता खुणांचं. घरातल्या खुणा सगळ्यात चांगल्या. वर्गातल्या एका मुलीनं काढलेला प्रसंग सांगतो. कदंबांच्या, म्हणजे पाचव्या शतकात आपल्या भागावर राज्य करणाऱ्या घराण्याच्या, काळातून आलेला म्हणवणारा राजपुत्र मुलांच्या घरी उतरला आहे. तो हुशार आहे. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली हे त्यानं वाचलंय, म्हणून तिखट आमटी पुढं आली की तो ठसका लागल्याचं सोंग करतो. सगळे खूश. मग येते एकादशी. आजी ताट वाढते: साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, उकडलेलं रताळं. राजपुत्र हात जोडतो आणि म्हणतो, "आजी, आमच्या राजवाड्यात एकादशीला अगदी हेच असायचं." आजीला गहिवरून येतं. नातीचा घास मात्र हातातच राहतो, कारण साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि रताळं, हे सगळं अमेरिका खंडातलं आहे. 1510 साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला, त्यानंतरच्या काळात ही पिकं आपल्याकडं रुजली. त्या ताटात पाचव्या शतकातल्या माणसानं ओळखावं असं काहीच नव्हतं. आजीनं वरीचा भात केला असता तर गोष्ट वेगळी होती.

हा प्रसंग मला फार आवडतो. उपवासाचं म्हणजे जुनंच असणार, असं तोतयानं धरलं. आपणही तेच धरतो, म्हणून खूण समोर असून दिसत नाही. आणि बेळगाव तालुक्यात तर रताळ्याचं पीक घरचंच, त्यामुळं शंका येण्याचा प्रश्नच नाही.

अंगावरच्या खुणाही वापरा. डाव्या दंडावर लहानपणी टोचलेल्या बीसीजीच्या लसीचा वण असतो. तोतया तो बाजूबंदाखाली झाकतो. पहिल्या पानापासून त्याचा बाजूबंद कधीच निघत नाही असं दाखवा, अगदी मलप्रभा नदीत पोहतानासुद्धा. पायांकडं लक्ष द्या. जन्मभर अनवाणी चाललेल्या माणसाची बोटं पसरलेली असतात, बुटात वाढलेल्या पायाची एकमेकांकडं वळलेली. हात-पाय काढायचा कंटाळा करू नका. अशा कथेत अर्धा पुरावा तिथंच असतो.

काळाचं यंत्र हाताशी असताना नायक स्वतः मागं जाऊन खात्री का करत नाहीत?

हा प्रश्न वाचक पहिल्या दहा मिनिटांत विचारतो. त्याला उत्तर नसेल तर पुढचा सगळा डोलारा कोसळतो. यंत्र बिघडलं म्हणणं सोपं आहे आणि एकदा चालून जातं. त्यापेक्षा चांगले तीन मार्ग आहेत.

एक, ते जातात, पण चुकीच्या वर्षी. आरंभीच्या कदंबांचे ताम्रपट, म्हणजे राजाचं दान कोरलेले तांब्याचे पत्रे, राजाच्या राज्यवर्षात कालगणना करतात, अमक्या राजाचं आठवं वर्ष वगैरे. तो राजा गादीवर कधी बसला हे नक्की नसेल तर यंत्रावर कुठला आकडा फिरवायचा? तोतया याचा पुरेपूर फायदा घेतो.

दोन, त्यांना जायचंच नसतं. पाहुणा घरात रुळला आहे, गावात मान वाढला आहे, आणि शंका काढणाऱ्या मुलीला घरातलेच गप्प करतात. यंत्र परड्यात उभं आहे आणि कुणी त्याकडं बघत नाही. मोठ्या मुलांनी हा मार्ग घ्यावा. अवघड आहे, पण यातून माणसं उभी राहतात.

तीन, तोतये भविष्यातून आलेले असतात. चारशे वर्षांनंतरची माणसं भूतकाळातली म्हणून आपल्यात येतात. त्यांना आपला काळ आणि कदंबांचा काळ दोन्ही सारखेच लांबचे. त्यामुळं ती दोन्हींची सरमिसळ करतात, आणि वर सांगितलेली ताटाची चूक त्यांच्याकडून सहज होऊ शकते.

गोष्ट कुठल्या काळात, कुठल्या गावी घडवावी?

आपल्या भागात जागांची वाण नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 ची, रट्ट घराण्याच्या काळातली. कार्तवीर्य चौथा याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्यानं ती बांधवली. त्या काळी शहराचं नाव वेणुग्राम. शहरालगत वडगाव-माधवपूरला सातवाहन काळातल्या वस्तीचे अवशेष सापडले आहेत, म्हणजे आज जिथं साड्या विणणाऱ्यांची गल्ली आहे त्याच परिसरात. येळ्ळूरचा राजहंसगड आहे, सौंदत्तीजवळचा पारसगड आहे, गोकाकचा धबधबा आहे.

पण माझं मन हलशीवर आहे. खानापूर तालुक्यातलं हे गाव म्हणजे जुनं पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. एकोणिसाव्या शतकात इथं त्यांचे ताम्रपट सापडले. काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा, हरिवर्मा ही नावं त्यांतून येतात. मृगेशवर्म्यानं आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधलं, असं त्यांतल्या एका ताम्रपटात आहे. मुलानं वडिलांची आठवण म्हणून देऊळ बांधावं, एवढ्या एका ओळीवर चार पानं काढता येतील. गावातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ मात्र बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचं. त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत. पाचव्या शतकातून आलेला म्हणवणारा माणूस या देवळाकडं बोट दाखवून "इथंच माझी मुंज झाली" म्हणाला, तर सातशे वर्षांची गफलत झाली. ही खूण हलशीच्या मुलांना चटकन कळते, बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून आधीच्या एखाद्या चौकटीत देवळाचा काळ सहज येऊन जाऊ द्या.

पण कदंब खरंच हरवले होते का?

नाही. सहाव्या शतकाच्या मध्यात बदामीच्या चालुक्यांनी बनवासीच्या कदंबांची सत्ता मोडली. पुढं गोव्याचे आणि हानगलचे कदंब झालेच. कित्तूर तालुक्यातल्या देगावचं कमल नारायणाचं देऊळ गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिनं बांधवलं. राजघराणी गेली, नांगर धरणारी माणसं कुठं गेली नाहीत. कदंब "लुप्त झाले होते" हे तोतयाच पहिल्यांदा सांगतो आणि सगळे मान डोलावतात, असं दाखवता येईल. हरवलेलं कोणी सापडायला आधी ते हरवलेलं असावं लागतं, आणि ते हरवल्याची द्वाही बहुधा तोतयाच फिरवतो.

जुन्या माणसांच्या तोंडी कुठली भाषा घालायची?

आरंभीच्या कदंबांचे लेख प्राकृत, संस्कृत आणि कन्नडमध्ये आहेत. हलशीचे ताम्रपट संस्कृतात आहेत. ज्या मराठीत तुम्ही संवादाचे फुगे भरता ती तेव्हा नव्हती, आणि आजची कन्नडही नव्हती. लिपी ब्राह्मीपासून आलेली दक्षिणी वळणाची, अक्षरांच्या डोक्यावर छोटी पेटी असलेली. तुमच्या चित्रात ताम्रपटावर देवनागरी दिसली तर ती तोतयाची खूण म्हणून मुद्दाम काढलेली असली पाहिजे, आळसानं नव्हे.

फुग्यातला मजकूर वाचकाला कळायला हवाच. त्यासाठी जुन्या माणसांच्या फुग्याची रेघ वेगळी ठेवा, जरा खडबडीत, आणि आत साधी मराठी लिहा. आपल्या मुलांना मात्र आपल्यासारखं बोलू द्या. "कुठं जाऊलालास रे?" हे बेळगावच्या पोराच्या तोंडी शोभतं. पुणेरी बोली त्याच्या तोंडी घातली तर तोच तोतया वाटेल.

तोतयांना शेवटी हवं काय असतं? आमच्या गोष्टीत ते सोन्यासाठी येतात.

सोनं कुठल्याही गोष्टीत चालतं, म्हणून ते कुठल्याच गोष्टीचं नसतं. आपल्या भागाला साजेसं कारण म्हणजे जमीन. ताम्रपट हे मुळात दानपत्र: अमक्या राजानं अमक्याला अमकी जमीन दिली, शेताच्या चतुःसीमा अशा, आणि हे दान मोडणाऱ्याला पाप लागेल. पत्रे कडीत ओवलेले आणि कडीवर राजमुद्रा. असा कागद नव्हे तर धातू, आणि तोही राजाच्या नावाचा, कुणाजवळ असेल तर जंगल, तळं, गायरान यांवर हक्क सांगता येतो. जुन्या काळीही लोकांनी बनावट ताम्रपट केले. कोरीव लेखांचा अभ्यास करणाऱ्या जॉन फ्लीटनं, ज्यानं हलशीचे ताम्रपट प्रसिद्ध केले, असे अनेक खोटे लेख उघडे पाडले. त्याची रीत मुलांनाही वापरता येते. लेखात दिलेल्या सालापेक्षा अक्षरांचं वळण नंतरचं आहे का? तिथी आणि वार जुळतात का? तुमच्या नायिकेचे आबा पंचांग बघणारे असतील तर तिथीचा घोळ तेच काढतील.

असं खरोखर कधी घडलं आहे का?

आपल्याला सगळ्यात जवळचा दाखला भाऊसाहेबांच्या तोतयाचा. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढं उत्तरेकडचा एक कनोजा ब्राह्मण आपणच भाऊ म्हणून उभा राहिला. 1776 मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणात फौज जमवली, किल्ले घेतले. शेवटी आंग्र्यांनी त्याला धरलं, पुण्यात चौकशी होऊन त्याला देहान्त शासन झालं. एवढे लोक त्याच्यामागं का गेले? भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करलं नव्हतं. पानिपतावर घरोघरचे लोक गेले होते, आणि गेलेलं माणूस परत यावं ही आस साऱ्या मुलखाला होती. तोतया त्या आशेवर उभा राहिला. तुमच्या गोष्टीतल्या गावालाही अशी एखादी जुनी जखम द्या.

हरवलेल्या नव्हे, पण दूरच्या लोकांचा तोतया म्हणजे जॉर्ज साल्मनाझार. हा फ्रान्सकडचा माणूस 1703 च्या सुमारास लंडनला आला आणि आपण फोर्मोसा बेटावरचे, म्हणजे आजच्या तैवानचे, असं सांगू लागला. त्यानं स्वतःची लिपी बनवली, पंचांग बनवलं, लोकांसमोर कच्चं मांस खाल्लं आणि 1704 मध्ये त्या बेटावर पुस्तकही लिहिलं. खगोलशास्त्रज्ञ हॅलीनं त्याला विचारलं, तुमच्या बेटावर सूर्य डोक्यावर येतो तेव्हा ऊन धुराड्यातून सरळ खाली पडतं का? पठ्ठ्यानं सांगितलं, आमची धुराडी वाकडी असतात. ही युक्ती बेळगावात बसवता येते. आपल्याकडं मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टात ढग असतात, मेमध्ये लख्ख दिसतं. पलाशिकेच्या विहिरीच्या तळाशी ऊन कधी पोचायचं, असा प्रश्न नायिकेनं विचारावा. रोज पाणी शेंदणाऱ्याला ते ठाऊक असतं, राजवाड्याच्या गप्पा मारणाऱ्याला नसतं.

1817 मध्ये इंग्लंडात 'राजकन्या काराबू' प्रकटली. जावासू नावाच्या बेटाची म्हणवणारी ही बाई निघाली एका चांभाराची लेक. पेपरात वर्णन आलं आणि तिला पूर्वी खोली देणाऱ्या बाईनं ओळखलं.

मग खानापूरच्या जंगलात राहणारी एखादी जमात तोतया निघते असं दाखवू का?

नाही. इथं आम्ही अगदी ठाम आहोत. खानापूर, हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी राहतात, आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे वंशज. धनगर गवळी राहतात. ही आपल्या बाजाराला येणारी, आपल्या शाळेत शिकणारी माणसं आहेत. त्यांचे चेहरे, घरं, नाच उचलून "जंगलात सापडलेला वंश" काढला तर गोष्टीतला खोटेपणा त्यांच्यावर लागतो. काराबूची किंवा साल्मनाझारची गोष्ट वेगळी, तिथं खोटं बोलणारी एक व्यक्ती होती.

फिलिपिन्समधल्या तसदाय लोकांचं काय झालं ते मोठ्या मुलांनी जरूर समजून घ्यावं. 1971 मध्ये मिंदानाओ बेटावर अश्मयुगात राहणारी टोळी सापडली अशी बातमी जगभर गेली. 1986 मध्ये तिथल्या हुकूमशहाची, मार्कोसची, सत्ता गेल्यावर एक पत्रकार तिथं पोचला आणि ओरड झाली की सगळं बनावट, ही जवळपासची शेतकरी माणसं आहेत. पुढं भाषेच्या अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा त्यांची बोली शेजारच्या बोलीपासून खरोखरच वेगळी पडलेली आढळली. म्हणजे माणसं खरी होती, थोडी एकटी राहणारी गरीब माणसं. खोटी होती ती अश्मयुगाची पाटी, आणि ती त्यांनी स्वतः लावलेली नव्हती. आधी पाटी लावून मग तिच्यासाठी त्यांनाच खोटं ठरवलं गेलं. या वळणावर कुणी चित्रकथा काढली तर ती मला पहिली वाचायची आहे.

पोशाख आणि दागिने कुठून घ्यावेत?

देवळातल्या मूर्तींवरून, पण सावधपणे. मूर्तीवरचे दागिने देवाचे असतात, शेतकऱ्याचे नव्हेत. तोतयांच्या टोळीतल्या प्रत्येकानं नेमकी तीच माळ घातली असेल, तर त्यांनी ती एकाच मूर्तीवरून उतरवली आहे हे वाचकाला कळेल. खऱ्या गावात दोन माणसांची कर्णफुलंसुद्धा सारखी नसतात.

सीमाप्रश्न गोष्टीत आणावा का?

शिक्षक हा प्रश्न जरा आवाज खाली करून विचारतात. आणा, पण भाषण नको, प्रसंग हवा. 1956 च्या राज्य पुनर्रचनेआधी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, पलाशिकेच्या काळात यातलं काहीच नव्हतं. तोतयाला हे चांगलं ठाऊक असतं आणि तो त्याचा धंदा करतो. एका गावच्या मराठी सभेत तो सांगतो, "आमच्या वाड्यात तुमचीच भाषा बोलत." दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात कन्नड सभेत तेच वाक्य, शब्दाला शब्द, कन्नडमध्ये. दोन्हीकडं टाळ्या. दोन चौकटी शेजारी-शेजारी काढा, तोच माणूस, तोच उचललेला हात, फक्त मागचा फलक वेगळा. दोन्ही सभांना बसून दोन्ही भाषणं कळणारं कोण असतं? मराठी शाळेत शिकणारी, कन्नड विषय घेतलेली आणि बसच्या पाट्या वाचत मोठी झालेली आपलीच पोर. ती उठून एकच प्रश्न विचारते, तोही दोन्ही भाषांत. पुण्या-मुंबईच्या मुलाला ही जागा सुचणं अवघड आहे.

वाचकाला आधी किती सांगायचं?

खुणा सगळ्या दाखवा, अर्थ एकाचाही सांगू नका. उघड होण्याची चौकट पान उलटल्यावर डाव्या पानावर सगळ्यात वर यायला हवी. समोरासमोरच्या पानावर ठेवली तर डोळा आधीच तिथं जातो. त्याआधीच्या उजव्या पानाची शेवटची चौकट शांत असू द्या: रिकामं ताट, काढून ठेवलेला बाजूबंद, असं काहीतरी.

शेवटी तोतयांचं काय करायचं?

लहान मुलं त्यांना धबधब्यात ढकलतात. त्यांना ढकलू द्या. मोठ्यांनी मात्र त्यांना बोलू द्यावं. साल्मनाझारनं पुढं आपलं खोटं कबूल केलं आणि उरलेलं आयुष्य लंडनमध्ये पुस्तकांची कामं करत काढलं. काराबू नंतर साधं आयुष्य जगली. तोतयाला खरं नाव द्या, खरं गाव द्या, आणि ते त्यानं का लपवलं ते एका पानात सांगा. गावकऱ्यांचंही काय होतं ते दाखवायला विसरू नका. ताम्रपट खोटा निघाला तरी त्याच्या भरवशावर कुणी म्हैस विकलेली असते, कुणी भावाशी भांडलेलं असतं.

किती पानं, कुठला कागद?

पहिल्यांदा काढणाऱ्यांनी बारा पानांच्या पुढं जाऊ नये. चित्रकलेच्या वहीचा जाड कागद पुरतो. आधी पेन्सिलनं कच्चं करा, फुगे चित्राच्या आधी आखा, नाहीतर मजकूर कोंबावा लागतो. शाई वाळल्याशिवाय खोडरबर लावू नका. झेरॉक्ससाठी द्यायचं असेल तर करड्या छटांऐवजी काळ्या रेघा वापरा, आणि कडेनं बोटभर जागा सोडा, म्हणजे पिना मारताना खुणा कापल्या जाणार नाहीत.